देवीचं कार्ड, लाल तिकोन आणि दारावरचा एक्स

मंडळी, आज इतवाऱ्याच्या आठवणीत जरा सरकारी भिंतींबद्दल.

१९५६ साली १ नोव्हेंबरला आपलं बऱ्हाणपूर नागपूरच्या राज्यातून निघून भोपाळच्या राज्यात गेलं. त्याच वर्षी दिल्लीत केंद्रीय आरोग्य शिक्षण ब्यूरो निघाला. लोकांना आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगणं, हेच त्याचं काम. घरात मराठी अन् भिंतीवर हिंदी. आपलं त्यावाचून काही अडलं नाही म्हणा!

पण भिंतीपेक्षा दारात येणारा माणूस महत्त्वाचा, हे देवीच्या मोहिमेत दिसलं. १९७३ पासून कर्मचारी घरोघर शोध घ्यायचे. हातात देवी आलेल्या मुलाच्या फोटोचं कार्ड. “असं कोणी आहे का?” एवढंच विचारायचं. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण फोटो तर कळतोच ना. रोगी कळवणाऱ्याला बक्षीस असे. १९७५ साली ते १,००० रुपयांवर गेलं. त्याच वर्षी देश देवीमुक्त झाला.

आणि लगेच सगळं बिघडलं. कुटुंब नियोजनाचा लाल तिकोन तोवर भिंतीवर होता, त्याला कोणी भ्यायचं नाही. आणीबाणीत मात्र १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. अनेक राज्यांत मास्तरांनासुद्धा आकडे ठरवून दिलेले. पिशवीवाला माणूस गल्लीत दिसला की पुरुष मागच्या दारानं सटकायचे, असं वडील सांगत. १९७७ ला सरकार बदललं, ‘परिवार नियोजन’चं ‘परिवार कल्याण’ झालं. पाटी लगेच बदलली. दारं बरीच वर्षं अर्धीच उघडायची.

१९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झाला, तेव्हा देशात ठिकठिकाणी अफवा उठली की थेंबांनी पुढे मुलं होत नाहीत. त्याला नुसतं अडाणीपण म्हणणं मला पटत नाही. वीस वर्षांपूर्वीचं लोक विसरले नव्हते.

मग घरोघर फेऱ्या आल्या. मुलांच्या करंगळीला शाई, दारावर खडूची खूण: पी म्हणजे काम झालं, एक्स म्हणजे परत यायचं. आमच्या गल्लीत एका दारावर तीन फेऱ्या एक्सच राहिला. चौथ्या वेळी शेजारच्या काकू त्या बाईंसोबत गेल्या, आत बसून चहा घेतला, आणि पी झाला. पोलिओचा देशातला शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ ला हावड्याला सापडला.

कोणाकडे जुनं टीक्याचं कार्ड असेल तर फोटो टाका.