एम्पेडोक्लीझ
एम्पेडोक्लीझ (इ. स. पू. सु. ४९४–४३४) : सिसिली बेटातील आक्रागास (आजचे आग्रिजेंतो) या ग्रीक नगरातील तत्त्वज्ञ, वैद्य व कवी. शून्यातून काही उपजत नाही आणि जे आहे ते शून्यात जात नाही, हा पार्मेनिडीझचा सिद्धांत त्याने पुरता मान्य केला. परंतु त्यावरून सर्व परिवर्तन हा केवळ भास होय, असा जो निर्णय पार्मेनिडीझने दिला होता तो त्याने नामंजूर केला, आणि निसर्गचिंतनाची खुंटलेली वाट त्यामुळे पुन्हा मोकळी झाली. अग्नी, वायू, जल व पृथ्वी ही चार ‘मुळे’ अनादी व अविनाशी असून, त्यांचे मिश्रण म्हणजे जन्म व विघटन म्हणजे मृत्यू, असे त्याने होमरच्याच वृत्तात मांडले. चितारी मोजक्या रंगांतून झाडे, माणसे, पशुपक्षी उभे करतो, हा दाखला त्याचाच. अस्थीच्या आठ भागांपैकी चार अग्नीचे व दोन जलाचे, हा त्याचा हिशेब आज अर्थातच ग्राह्य नाही. तथापि पदार्थाचे गुण घटकांच्या प्रमाणावर ठरतात, ही त्यामागील दृष्टी असामान्य होय.

या मुळांना प्रेम एकत्र आणते आणि कलह विलग करतो. दोहोंचा अंमल आळीपाळीने चालतो. गतीचे कारण एकच न मानता परस्परविरोधी दोन मानणारा पहिला विचारवंत म्हणून ॲरिस्टॉटलने त्याचा गौरव केला; मात्र कलहाने विश्व विस्कटले म्हणजे अग्नी अग्नीला येऊन मिळतो, तेव्हा कलहही जोडण्याचेच काम करतो, हा त्याचा आक्षेपही बिनतोड आहे.

श्वसनाचे विवेचन करताना एम्पेडोक्लीझने एका पात्राचे वर्णन केले आहे, आणि ते त्याच्या विश्वरचनेपेक्षाही मोलाचे मानावे लागेल. तळाला बारीक छिद्रे व वर अरुंद तोंड असलेले हे पात्र एक मुलगी तोंडावर हात दाबून पाण्यात बुडवते. हात आहे तोवर आतील हवा पाण्याला अटकाव करते, हात काढताच ती निघून जाते आणि तितकेच पाणी आत शिरते. डोळ्यांना न दिसणारी हवाही जागा व्यापणारा पदार्थ आहे, हे इतक्या साध्या निरीक्षणाने क्वचितच कोणी दाखविले असेल.

एटना ज्वालामुखीत उडी घेऊन त्याने देह ठेवला, ही प्रसिद्ध आख्यायिका विश्वसनीय नाही. त्याच्या काव्याच्या सु. ४५० ओळी इतरांनी दिलेल्या अवतरणांतूनच ठाऊक होत्या. १९०४ मध्ये ईजिप्तमध्ये विकत घेतलेल्या व स्ट्रासबर्ग येथे ठेवलेल्या एका पपायरसाच्या तुकड्यांत त्याच्या आणखी ओळी आढळल्या आणि १९९९ मध्ये त्या प्रकाशित झाल्या.