मास्तरांचे राज्य : टांझानियाचा हिशेब कसा मांडावा?

१९६९ साली शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकाचा स्वाहिली अनुवाद प्रसिद्ध झाला. अनुवादक हा त्या देशाचा विद्यमान राष्ट्राध्यक्ष होता, एवढीच गोष्ट पुस्तकाकडे लक्ष वेधायला पुरेशी होती. खरी गंमत मात्र शीर्षकात आहे. ज्यूलियस न्येरेरे यांनी मुळातल्या एका व्यापाऱ्याचे अनेकवचन करून नाटकाला 'माबेपारी वा वेनिसी' असे नाव दिले. यातला 'बेपारी' म्हणजे हिंदी महासागर ओलांडून गेलेला आपल्याकडचाच 'व्यापारी'. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुकाने थाटणाऱ्या भारतीयांबरोबर तो शब्द तिकडे गेला आणि विसाव्या शतकात त्याला 'भांडवलदार' असा अर्थ चिकटला. न्येरेरेंच्या हाती व्हेनिसचा व्यापारी अशा रीतीने 'व्हेनिसचे भांडवलदार' झाला. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९६७ मध्ये, त्यांनी आरुशा जाहीरनाम्याद्वारे समाजवाद आणि स्वावलंबन हे देशाचे धोरण म्हणून घोषित केले होते, हे ध्यानात घेतले की हा अनुवाद निव्वळ वाङ्मयीन विरंगुळा राहत नाही.

त्या धोरणाचे नाव 'उजामा'. 'जमा' म्हणजे कुटुंबीय, आप्तगोत. आपल्या 'जमात' आणि 'जमाव' या शब्दांचे अरबी मूळ तेच. लोक न्येरेरेंना 'म्वालिमू', म्हणजे मास्तर, म्हणत आणि ते खरोखरच शिक्षक होते. समाजवाद आफ्रिकेला बाहेरून शिकावा लागणार नाही, तो विस्तारित कुटुंबाच्या रीतीभातींत मुळातच आहे, अशी त्यांची मांडणी होती. मांडणी आकर्षक आहे. पण कुटुंबाच्या रूपकात एक मेख असते : कुटुंबाला कर्ता पुरुष लागतो, आणि कर्त्याचे न ऐकणारा तो कुलबुडवा ठरतो.

या राजवटीचे मूल्यमापन सहसा दोन वह्यांत केले जाते. पहिली वही उत्पन्नाची. तिच्यात न्येरेरे साफ नापास होतात. सरकारी मंडळे तोट्यात गेली, निर्यात घसरली, दुकानांतून साबण आणि साखर मिळेनाशी झाली. ते १९८५ मध्ये पायउतार झाले आणि पुढच्याच वर्षी देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी स्वीकाराव्या लागल्या. दुसरी वही शाळा-दवाखान्यांची. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात जेमतेम एकतृतीयांश प्रौढांना लिहितावाचता येई. १९८० च्या दशकाच्या मध्यास सरकारी आकडा ९० टक्क्यांपर्यंत गेला. सरकारी आकड्यातली हवा काढून टाकली तरी उरते ते थोडे नाही. १९९० साली मानव विकास अहवाल प्रथम निघाला तेव्हा उत्पन्नाच्या यादीत तळाशी असलेला टांझानिया नव्या यादीत कितीतरी वर दिसला. देश तोच, लोक तेच; मोजपट्टी बदलली आणि निकाल बदलला.

मला मात्र या दोन्ही वह्या अपुऱ्या वाटतात. काय मिळाले आणि काय गेले हे त्या सांगतात. निर्णय कोणाचा होता हे विचारत नाहीत. त्यासाठी देशाच्या दक्षिण टोकाला, रुवुमा प्रदेशात जावे लागते.

स्वातंत्र्याच्या सुमारास सोंगेआजवळ लिटोवा या ठिकाणी काही तरुणांनी एकत्र शेती सुरू केली. हळूहळू आसपासची गावे त्यांना येऊन मिळाली आणि दीड डझनाच्या आसपास गावांची मिळून रुवुमा विकास संघटना उभी राहिली. गावकरी सभेत बसून कामाची वाटणी ठरवीत, पिकाचा हिशेब सर्वांसमोर होई; त्यांनी स्वतःची शाळा चालवली आणि तिथे मुलांना शेतीसकट शिकवले. थोडक्यात, 'उजामा'वरच्या पुस्तिकांत जे लिहिले होते ते इथे कोणी न सांगता घडत होते. १९६७ च्या ग्रामविकासविषयक निबंधात न्येरेरे यांनी स्पष्ट म्हटले होते की अशी गावे स्वेच्छेनेच वसली पाहिजेत, सक्तीने नव्हे. त्यांना रुवुमाविषयी आस्था होती. तरीही सप्टेंबर १९६९ मध्ये सत्ताधारी टानू पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ही संघटना बरखास्त केली, तिची मालमत्ता ताब्यात घेतली आणि शाळेची घडी मोडली. कारण उघड होते. गावे जर स्वतःच निर्णय घेऊ लागली, तर प्रांतोप्रांती नेमलेल्या पक्षाधिकाऱ्यांनी करायचे काय? माझ्या मते टांझानियाच्या इतिहासातले निर्णायक वळण आरुशा जाहीरनामा हे नसून ही बरखास्ती आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत तिला फार तर एखादी तळटीप मिळते.

पुढचे सारे या वळणावरून उतरत गेले. १९७१ च्या नाताळच्या दिवशी इरिंगा प्रदेशातील इसिमानी येथे सईद म्वाम्विंडी या शेतकऱ्याने प्रादेशिक आयुक्त क्लेरू यांना गोळी घातली; शेतकऱ्याला मृत्युदंड झाला. नोव्हेंबर १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले की खेड्यांत राहणे हा आता हुकूम आहे. त्यानंतरच्या तीनेक वर्षांत किमान पन्नास लाख माणसे विखुरलेल्या वस्त्यांतून उचलून रस्त्याकडेला आखलेल्या रांगांत बसवली गेली. परत जाऊ नयेत म्हणून कित्येकांची जुनी घरे जाळण्यात आली. शाळा, नळ, दवाखाना देणे सोपे जावे हा हेतू खोटा नव्हता, आणि काही ठिकाणी ते मिळालेही. पण शेत मैलोगणती दूर राहिले.

काजूचेच पाहा. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड जसे गोव्याच्या आणि कोकणाच्या डोंगरउतारावर रुजले तसेच पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीवरही. काजूच्या बागेला रोज राखण लागत नाही, पण झाडाखालचे रान मोडावे लागते, पडलेली बी वेळेत वेचावी लागते. मालक लांबच्या रांगेत राहायला गेला की बाग रानात जाते, हे कोकणातल्या कोणाही बागायतदाराला सांगावे लागणार नाही. १९७३-७४ च्या हंगामात टांझानियात सुमारे १,४५,००० टन काजू बी निघाले. १९८६-८७ मध्ये ते १७,००० टनांच्याही खाली आले. भुरी रोग आणि सरकारी खरेदीचे पडेल भाव हीदेखील त्यामागची कारणे होती. तरी आजोबांनी लावलेल्या झाडापासून नातवाला तोडण्याचा वाटा त्यात मोठाच होता.

हे सारे त्याच काळी कोणी लिहिले का? लिहिले, आणि न्येरेरेंनी जिला प्रतिष्ठा दिली त्या स्वाहिलीतच लिहिले. यूफ्रेझ केझिलाहाबी यांची 'गांबा ला न्योका' ही कादंबरी १९७९ ची. शीर्षकाचा अर्थ 'सापाची कात'. सक्तीच्या ग्रामीकरणावरच्या या कादंबरीचा रोख शीर्षकातच आहे : कात टाकल्याने साप बदलत नाही. त्यांचे 'काप्तुला ला मार्क्स' हे नाटक अधिक बोचरे. त्यातला राष्ट्राध्यक्ष मार्क्सची अर्धी चड्डी घालून समतेच्या देशाकडे निघतो, आणि चड्डी काही केल्या त्याच्या मापाची होत नाही. नाटक लिहिले गेले १९७० च्या दशकाच्या अखेरीस. पुस्तकरूपाने यायला १९९९ उजाडले. त्याच वर्षी न्येरेरे वारले.

न्येरेरेंच्या बाजूने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. आरुशा जाहीरनाम्याला दहा वर्षे झाली तेव्हा, १९७७ मध्ये, त्यांनी स्वतःच आढावा लिहिला आणि देश समाजवादीही झालेला नाही नि स्वावलंबीही नाही, असे त्यात सांगून टाकले. सत्तेवर असताना असे लिहिणारे राज्यकर्ते शोधून सापडणार नाहीत. पण विरोधी पक्षाला १९६५ पासून कायद्याने जागाच नव्हती, आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा १९६२ पासून हाताशी होता. मास्तरांनी आपली उत्तरपत्रिका स्वतःच तपासली, प्रामाणिकपणे तपासली. दुसऱ्या कोणाला लाल पेन्सिल मात्र दिली नाही.

शंभराहून अधिक भाषिक समूहांचा हा देश शेजाऱ्यांसारखा जमातींच्या रक्तपातात बुडाला नाही, याचे श्रेय स्वाहिलीला आणि पर्यायाने त्यांना जाते. ते कोणत्याच वहीत मावत नाही. बहुपक्षीय पद्धती १९९२ मध्ये आली, जागतिक बँकेने २०२० मध्ये देशाला निम्न-मध्यम उत्पन्न गटात बसवले. हुकमाची सवय मात्र सुटली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये काजूच्या भावावरून शेतकरी आणि व्यापारी यांचे बिनसले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी पीक उचलायला लष्कराचे ट्रक धाडले. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत प्रमुख विरोधी पक्षाला उभेच राहू दिले गेले नाही. त्याचा नेता देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होता, रस्त्यांवर संचारबंदी होती, आणि अधिकृत निकालात विद्यमान राष्ट्राध्यक्षांना सुमारे ९८ टक्के मते पडली.