घोड्याचा कणा आणि खोगिरातली फट

१/ इ.स.पू. चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने अश्वपरीक्षेचा दंडक सांगितला : कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेली पाठ उत्तम. तेव्हा ग्रीक स्वार उघड्या पाठीवर किंवा कापडावर बसत.

२/ पुढे लाकडी सांगाड्याच्या खोगिराने स्वाराचा भार कण्यावरून उचलून बाजूच्या स्नायूंवर विभागला. १८५९ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिरात तर कण्यावर मोकळी फटच होती.

३/ परंतु मोहिमेत घोडा रोडावला की खोगीर कण्याला टेकते. पाठीवर हात दाबताच तो अंग चोरतो, खोगीर दिसताच कान मागे टाकतो.

४/ म्हणूनच मधूनमधून उतरून घोड्यासोबत पायी चालणे हा घोडदळाचा शिरस्ता ठरला. घोड्याची पाठ गेली की स्वार पायदळात जमा!