आत्याच्या गावाचा रस्ता

कोराडीला माणूस दोनच कारणांनी येतो, असे आमच्या शाळेचा शिपाई म्हणतो : जगदंबेच्या दर्शनाला, नाहीतर वीजकेंद्रातल्या नोकरीला. १९७४ साली केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि गावाचे नाव विजेच्या बिलांपर्यंत पोचले. देवीचे नाव त्याआधीपासून दूरवर होतेच. सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि सायंकाळी वृद्धा अशी तिन्ही रूपे ती एका दिवसात दाखवते, ही भाविकांची श्रद्धा. पण गावाजवळून उत्तरेकडे निघून जाणारा जो रस्ता, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. नागपूरच्या झिरो माइलच्या खांबावर ज्या गावांची अंतरे कोरली आहेत, त्यांत बैतूल आहे. त्या बैतूलचा हा रस्ता. कोराडी, सावनेर, केळवद, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, आणि पुढे नर्मदा ओलांडून भोपाळ, शिवपुरी, ग्वाल्हेर.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा सगळा रस्ता आम्ही नवराबायकोने मोटारीने पुरा केला. मुलताईला माझी आत्या, ग्वाल्हेरला आमच्या सौभाग्यवतींची मावशी. जाताना साडेसातशे किलोमीटरांहून थोडे अधिक, आणि तितकेच येताना. मी मुलांना इतिहास शिकवतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंद्यांमुळे रस्त्यात दर पाच कोसांवर मोटार थांबवण्याची मला खोड आहे. "तुमच्या इतिहासाला चहा फार लागतो," असे सौ. म्हणाल्या, आणि ते काही खोटे नाही.

पुस्तकांतून हा मुलूख भेटतो तो राजे आणि फौजा यांच्या संगतीने. सावनेरला एक फाटा छिंदवाड्याकडे फुटतो. त्या अंगाला देवगडचा किल्ला. तिथल्या बख्त बुलंद या गोंड राजाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. नागपूरकर भोसल्यांचा थाट सांगताना आपण हा गोंड राजा विसरतो, हे मला बरे वाटत नाही. पुढे १७३९ साली चांद सुलतान वारला, गादीचा तंटा लागला, राणी रतनकुंवर हिने रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले. आणि मदतीला आलेले पाहुणे घराचे मालक झाले. भोसल्यांची सत्ता सातपुड्यावर पसरली. तिच्या मागोमाग मराठी बोलणारी शेतकरी कुटुंबे, कारकून, पुरोहित अशी माणसेही या पठारावर स्थिरावत गेली. १८१८ साली अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रज प्रयागेस कैदेत नेत होते. वाटेतच त्यांनी पहारा चुकवला आणि महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाला राहिले. ज्या डोंगरच्या लोकांचे राज्य पणजोबांनी घेतले, त्यांनीच पणतूला लपवले. अप्पासाहेब पुढे जोधपूरला १८४० मध्ये वारले. नागपूर त्यांना पुन्हा दिसले नाही.

केळवद सोडले की महाराष्ट्र संपतो. कुठे संपतो ते पाटी पाहिल्याशिवाय कळत नाही. अलीकडे संत्र्याची झाडे, पलीकडे संत्र्याची झाडे. अलीकडे वऱ्हाडी बोली, पलीकडेही वऱ्हाडीच, जराशी हिंदीकडे कललेली. पांढुर्ण्याला आम्ही चहा घेतला. २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. गावातून जाम नदी वाहते, पलीकडच्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीच्या दोन्ही काठांवरून माणसे एकमेकांवर दगड फेकतात, मधल्या पळसाच्या झाडावरचे निशाण मिळवण्यासाठी. ही गोटमार. दर वर्षी डोकी फुटतात. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही लोकांनी मानले नाहीत. यामागची कथा अशी सांगतात, की पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली. दोघे नदीच्या मध्यावर पोचतात तो सावरगावकरांनी दगड सुरू केले, आणि जोडप्याला वाचवायला पांढुर्ण्याच्या लोकांनी उलट दगड मारले. कथेला कागदाचा पुरावा नाही. तरी या रस्त्याची मला ठाऊक असलेली सर्वांत खरी गोष्ट तीच वाटते. या रस्त्यावरून फौजा गेल्या त्या एकदाच गेल्या. लेकी मात्र दर साली जातात येतात, आणि रस्ता त्यांनीच जिता ठेवला आहे.

माझी आत्या अशाच लेकींपैकी एक. तिचा साखरपुडा १९५६ च्या पावसाळ्याआधी झाला. कोराडी आणि मुलताई तेव्हा एकाच राज्यात होती, राजधानी नागपूर. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, बैतूल आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिले, राजधानी भोपाळला गेली. १९५७ च्या वैशाखात आत्याचे लग्न लागले तेव्हा नवरा एका राज्यातला आणि नवरी दुसऱ्या. माझे आजोबा थट्टेने म्हणत, "मुलगी शेजारी द्यायची ठरवली होती, सरकारने ती परदेशी दिली." थट्टा म्हणायची, पण त्यापुढे त्यांनी आत्याला दर महिन्याला एक पत्र लिहिले, मरेपर्यंत.

मुलताईला तापीचा उगम. मूळ नाव मूलतापी. गावाच्या मधोमध कुंड आणि काठाने देवळे. १८५८ च्या ऑक्टोबरअखेरीस तात्या टोपे नर्मदा उतरून याच गावात आला. येवल्याचा हा रामचंद्र पांडुरंग तोवर चार महिने इंग्रजांच्या पलटणींना झुलवीत होता. त्याला दक्षिणेत उतरायचे होते. पेशव्यांच्या नावाने भोसल्यांचा मुलूख उठेल, ही आशा. मुलताईहून नागपूर ते किती? बैलांच्या रेंगीने चार-पाच मुक्काम, घोड्याला त्याहून कमी. पण नागपूरची वाट इंग्रजांनी रोखली होती, आणि भोसल्यांचे राज्य तर चार वर्षांपूर्वीच खालसा झाले होते. तात्या पश्चिमेस वळला. तो कोराडीवरून गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न वर्गात विचारला की मुले हटकून लढाई लढवतात.

आत्या दारातच बसली होती. पंच्याऐंशीच्या घरात वय, दृष्टी अधू, कान तीक्ष्ण. "काऊन रे बाप्पा, इतका उशीर? वाट पाहू पाहू डोये थकले." वडील गेल्यापासून तिची भाऊबीज माझ्याकडे आली आहे. तिने ओवाळले, मी लुगडे ठेवले. मग तिने पेटीतून पत्रांचा जुडगा काढला आणि नातवाच्या हाती दिला. मुलगा हुशार आहे, इंदूरला शिकतो. त्याने आजोबांचे पत्र खडखडीत वाचले, एक अक्षर चुकले नाही; लिपी तर तीच. 'सुगी' आली तेव्हा थांबला, 'लेकुरवाळी' आली तेव्हा हसला, आणि "दादी, इसका मतलब?" म्हणून विचारू लागला. आत्याने अर्थ सांगितले. सांगताना तीच हिंदीत शिरली. आमच्या सौ. उठून स्वयंपाकघरात गेल्या.

हे मुलताईचेच घर असे आहे, असे नाही. बैतूलजवळ खेरला नावाचा पडका किल्ला आहे. 'विवेकसिंधु' हा मराठीतला अगदी आरंभीचा ग्रंथ शके १११० चा मानतात. त्याचा कर्ता मुकुंदराज. त्याचे स्थान कोणी आंबेजोगाईला सांगतात, कोणी या खेरल्याला. विद्वानांचा वाद मिटलेला नाही, आणि मी काही तो मिटवणार नाही. पण मराठीच्या आद्यकवीवर हक्क सांगणारे एक गाव आज आपल्या नकाशाबाहेर आहे, एवढे मी वर्गात आवर्जून सांगतो.

निघताना आत्या म्हणाली, "मले कोराडीले नेशीन का रे?" परतताना नेतो म्हटले. तिच्या मुलाने काळजीने डॉक्टरांचे नाव काढले. तिने ते ऐकलेच नाही.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. बैतूलनंतर सागाची जंगले, मग नर्मदा. होशंगाबादचे नाव आता नर्मदापुरम. ओबेदुल्लागंजच्या अलीकडे भीमबेटका. ही चित्रांची लेणी १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांनी जगापुढे आणली. आगगाडीतून खडक दिसले म्हणून उतरलेला हा मराठी माणूस. शिवपुरीला मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. मुलताईहून वळलेल्या तात्याचा शेवट इथे. पारोणच्या जंगलात मानसिंगाने दगा दिला आणि १८ एप्रिल १८५९ रोजी त्याला फाशी झाली.

ग्वाल्हेरला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जैनहून राजधानी इथे आणली. फौजेची छावणी पडली ते लष्कर, आणि त्याच लष्कर भागात मावशीचे घर. पाच पिढ्या उत्तरेत काढलेल्या या घरात पुरणपोळी होते, आणि ती वाढताना "और लीजिए" म्हणतात. मावशीने आत्याला कधी पाहिलेले नाही. तरी हकीकत ऐकून तिने गजकाचा एक डबा वेगळा बांधला : "मुलताईच्या विहिणीला द्या."

परतीला आत्या गाठोडे घेऊन तयारच होती. मुलाने औषधांची चिठ्ठी सौ.च्या हाती दिली. आत्या मागच्या आसनावर गजकाचा डबा मांडीवर घेऊन बसली. पांढुर्णा गेले, संत्र्याच्या गाड्या दिसू लागल्या. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "सीव कुठसा लागते रे?"

"मागे गेली, आत्या," सौ. म्हणाल्या. "केळवद आलंय."

"मंग संत्री घेऊन टाक," आत्या म्हणाली. "देवीपुढं रिकाम्या हातानं जाऊ नये."