काळ्या दगडाची इयत्ता

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने बजावले होते, “तुझ्या दगडांवर लिही, पण आम्हाला कळेल असं.” महाविद्यालयात भूशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. तेव्हा लिहितो दगडांवरच. मात्र हे दगड आकाशातून पडलेले आहेत. शास्त्रात त्यांना अशनी म्हणतात.

१५ मार्च १८०६ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये आलेस गावाजवळ काळे, ठिसूळ अशनी पडले. तेनार या रसायनतज्ज्ञाला त्यांत कार्बन सापडला. १८३४ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियस यांनी तोच दगड तपासला. पाण्यात टाकल्यावर तो मातीच्या ढेकळासारखा विस्कटला. त्यात पाणी होते, कार्बनी द्रव्यही होते. मग तिकडे जीवसृष्टी असेल का? असे म्हणण्याजोगा पुरावा यात नाही, असे सांगून बर्झेलियस थांबले.

सर्वांनाच असे थांबता येत नाही. १४ मे १८६४ रोजी फ्रान्समध्येच ओर्गेय येथे असा दगड पडला. शंभर वर्षांनी शिकागोच्या अँडर्स आणि सहकाऱ्यांनी त्याचा एक तुकडा तपासला, तर आत वनस्पतीचे बी आणि कोळशाचे कण निघाले. ते डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले होते! कुणीतरी फार पूर्वीच लबाडी करून ठेवली होती.

म्हणून दगड काय सांगतो हे विचारण्याआधी त्याच्यावर काय काय गुजरले, ते वाचावे लागते. १९५६ मध्ये फिनलंडच्या वीक यांनी रासायनिक घटकांवरून या दगडांचे तीन प्रकार केले. १९६७ मध्ये व्हॅन श्मूस आणि वुड यांनी खनिजे व पोत पाहून क्रमांक देण्याची पद्धत मांडली. आज रासायनिक गट अक्षराने आणि पोत आकड्याने दाखवतात. अक्षर एखाद्या नमुनेदार अशनीच्या गावावरून येते : टांझानियातले इवुना, युक्रेनमधले मिघेई, इटलीतले विगारानो.

आकडा ठरवण्यासाठी दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. कॉन्ड्रूल म्हणजे वितळून थिजलेले बारीक गोळे. ते रेखीव, ऑलिव्हीन हे खनिज शाबूत, तर आकडा ३. गोळे ओळखू येतात, पण भोवतालच्या बारीक भुकटीत पाणी मुरून सर्पेंटाइनसारखी खनिजे झाली आहेत, तर २. गोळे जवळजवळ नाहीतच, सारी चिकणमाती आणि मॅग्नेटाइट, तर १. उष्णतेने कडा पुसत गेल्या, तर ४ आणि पुढे.

पहिला नंबर म्हणजे सर्वांत अस्सल, हा समज आपल्या वर्गासारखाच शास्त्रज्ञांचाही होता. पुढे उमगले की १ हा पाण्याने सर्वाधिक बदललेला. मूळ पोत जास्त टिकतो तो ३ मध्ये. गंमत अशी की रासायनिक घटकांत सूर्याच्या सर्वांत जवळचा मात्र तो १ क्रमांकवालाच. तो कॉन्ड्राइट म्हणवतो, पण त्याच्याकडे कॉन्ड्रूलच नाहीत!

६ जून २०१७ च्या पहाटे जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे शेतात सुमारे दोन किलोचा काळा अशनी पडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या तपासणीत तो सीएम२ ठरला. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात पडलेला मर्चिसन याच वर्गातला. त्यात अमिनो आम्ले सापडली. डाव्या आणि उजव्या घडणीची, जवळपास सारख्या प्रमाणात. सजीव मुख्यतः डावीच वापरतात. म्हणजे ती जीवाशिवाय तयार झाली होती. बर्झेलियस यांचा संयम असा सार्थ ठरला.

“आधी दिसलं ते लिहा, नाव मागून द्या,” असे आपल्या विज्ञानाच्या बाई प्रयोगवहीवर लाल शाईने लिहीत. मी तेच वाक्य पुढे तीस वर्षे माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर लिहिले. बाई हा लेख वाचतील, तेव्हा त्यांना इतकेच कळवायचे आहे.