कुठून तरी येणारा आवाज

शॉर्टवेव्ह रेडिओच्या नादी लागलेल्या मंडळींना 4625 किलोहर्ट्झ हा आकडा पाठ असतो. रशियातून येणारा एक बझर तिथे रात्रंदिवस वाजत असतो. मध्येच कधी तरी माणसाचा आवाज रशियन भाषेत काही शब्द नि आकडे वाचून दाखवतो आणि पुन्हा बझर सुरू होतो. जगभरचे हौशी श्रोते वर्षानुवर्षं हे ऐकत आले आहेत. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी वहीत टिपून ठेवायची, एवढाच त्यांचा उद्योग. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटेल. आपल्याकडे मात्र 1942 साली अशाच एका आवाजाच्या मागावर आख्खं सरकार होतं.

9 ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह काँग्रेसचे मोठे नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. कुठे काय चाललं आहे हे लोकांना कळायचं कसं? मुंबईत 22 वर्षांची उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी ही मंडळी एकत्र आली. 'शिकागो रेडिओ'च्या नानक मोटवाने यांची मदत मिळाली. राममनोहर लोहियांनी या कामाला हात दिला. 27 ऑगस्टला आवाज हवेत गेला: काँग्रेस रेडिओ, 42.34 मीटर, आणि पत्ता म्हणून भारतातलं कुठलंसं एक ठिकाण! चितगाववरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरचे अत्याचार या छापायला बंदी असलेल्या बातम्या त्यावरून लोकांपर्यंत गेल्या.

आता या 42.34 मीटरचं जरा गणित करून पाहा. ती फ्रिक्वेन्सी येते सुमारे 7080 किलोहर्ट्झ, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, 'हॅम' मंडळींचा जो 40 मीटरचा पट्टा, नेमकी त्यात. 1939 साली युद्ध सुरू होताच सरकारने इथल्या हौशींचे परवाने रद्द केले होते. हिंदुस्थानातून त्या पट्ट्यात कुणी बोलायचंच नव्हतं. तिथे कुणी बोलू लागलं, की जाणत्या कानाला ते खटकणारच. हे माझं अनुमान आहे, पण सेटची घुंडी फिरवत बसलेल्या कुणालाही ते पटावं.

आवाज कुठून येतो हे शोधायची रीत तशी साधी. वळवता येणारी एरियल घेऊन आवाज कुठल्या बाजूने येतो ते पाहायचं, मग दुसऱ्या जागेवरून तेच करायचं. दोन्ही रेषा नकाशावर जिथे छेदतील, तिथे यंत्र. त्यामुळे या मंडळींनी यंत्र एका घरात फार दिवस ठेवलं नाही. आधी सकाळ-संध्याकाळ चालणारं प्रक्षेपण पुढे रात्री साडेसात ते साडेआठ एवढंच उरलं. अखेर घात झाला तो घरातूनच. यंत्र जुळवून देणारा तंत्रज्ञच पोलिसांना वाट दाखवत आला. 12 नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत पोलिसांनी दारं फोडून उषाबेन आणि चंद्रकांत झवेरींना पकडलं. खाकरांना पाच, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. चंद्रकांतना एक वर्ष. बाकीचे दोघे सुटले.

मला विशेष वाटतं ते पुढचं. या रेडिओचा सगळ्यात नेमाने ऐकणारा श्रोता होता तो सरकारचाच. पोलिसांची माणसं रोज कानाला लावून बसत आणि ऐकलेलं लिहून काढत. खटल्यासाठी पुरावा हवा होता ना! त्या भाषणांचा मजकूर आज वाचायला मिळतो तो मुख्यतः त्या सरकारी टिपणांमुळे. घराघरांतून, दारं लावून, आवाज बारीक करून ज्यांनी ऐकलं, त्यांच्या वह्या कुठून मिळणार? एखाद्याने ठेवली असती, तरी ती जाळून टाकण्यातच शहाणपण होतं.

अशी दुसरी गोष्ट तर आपल्या कोल्हापूरच्या शेजारची. गडहिंग्लज, आजऱ्यावरून आपण आंबोलीला धबधबा पाहायला जातो. गोवा तेव्हा सालाझारच्या पोर्तुगालकडे होता, तिथल्या वर्तमानपत्रांना सेन्सॉरखेरीज ओळ छापता येत नव्हती. दादरा-नगर हवेली 1954 साली मुक्त झाली, तेव्हा हाती आलेल्या पोर्तुगीजांच्याच बिनतारी यंत्रांतून प्रक्षेपक तयार झाला आणि 25 नोव्हेंबर 1955 पासून आंबोलीच्या रानातून गोव्याच्या मुक्तीचा आवाज बोलू लागला, कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून. पुढे तो कॅसलरॉकच्या जंगलात गेला. बोलणारी दोन माणसं: वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. लिबियाबाईंनी महायुद्धात मुंबईच्या सेन्सॉर कचेरीत इटालियन कैद्यांची पत्रं तपासली होती, म्हणजे दुसऱ्याचं गुपित वाचणं हे काम त्यांना नवं नव्हतं! आता त्या स्वतः अज्ञात जागेवरून बोलत होत्या. पाऊस, जळवा, साप यांच्या सोबतीत सहा वर्षं. पलीकडे कोण ऐकतं आहे, किती जण ऐकत आहेत, हे कळायला मार्ग नव्हता.

19 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्या दिवशी दोघांना भारतीय विमानात बसवण्यात आलं. विमानाला ध्वनिवर्धक लावला होता. पणजीच्या डोक्यावरून घिरट्या घालत, कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून, त्यांनी गोवा मुक्त झाल्याची बातमी खाली रस्त्यांवर जमलेल्या लोकांना सांगितली.