चरबीतील संप्रेरक आणि पक्षाघातातील मेंदू

नांदेड-लातूरच्या ग्रामीण भागात 'अंगावरून वारे गेले' असे ज्या विकाराबद्दल म्हटले जाते, तो पक्षाघात मुळात मेंदूचा विकार आहे. हात-पाय लुळे पडले, तरी दोष त्यांच्यात नसतो. बहुतेक रुग्णांत मेंदूला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते आणि त्या भागातील पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. गाभ्यातील पेशी काही मिनिटांतच मरतात. भोवतालच्या पेशी मात्र काही तास तग धरून असतात. या काठावरच्या पेशी वाचविता येतील काय, याचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष शरीरातील चरबीकडे वळले.

चरबी म्हणजे केवळ साठा नव्हे

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधले. चरबीच्या पेशींत तयार होणारे हे संप्रेरक रक्तावाटे मेंदूत जाते आणि पुरेसा साठा असल्याची वर्दी देते. त्याचे ग्राहक भूक-केंद्राबाहेरील चेतापेशींवरही आढळले. अॅडिपोनेक्टिन हे चरबीतील दुसरे संप्रेरक. त्याची ओळख १९९५ मध्ये पटली.

उंदरांवरील प्रयोग

पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये उंदरांच्या मेंदूची रक्तवाहिनी तात्पुरती बंद करून त्यांना लेप्टिन दिले. त्यांच्या मेंदूची हानी कमी झाली आणि हालचालीही सुधारल्या. लेप्टिनमुळे पेशींतील जगण्याचे संदेश बळकट होतात, असे त्यातून दिसले. बोस्टन विद्यापीठाच्या २००८ मधील प्रयोगांत अॅडिपोनेक्टिन नसलेल्या उंदरांचा मेंदू अधिक दगावला. या संप्रेरकामुळे वाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते व रक्तप्रवाह टिकतो.

तथापि, उंदराला लागू पडलेले औषध माणसाला लागू पडतेच असे नाही. प्राण्यांत यशस्वी ठरलेले एनएक्सवाय-०५९ हे औषध रुग्णांवरील मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले. लेप्टिनसारखे मेट्रेलेप्टिन अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झाले, तेही चरबीच्या एका दुर्मीळ विकारासाठी, पक्षाघातासाठी नव्हे.

पुण्याचा धडा

मग अंगावर चरबी असलेली बरी, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. स्थूल व्यक्तीच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. अॅडिपोनेक्टिन तर घटते. शिवाय चरबी नेहमी डोळ्यांना दिसतेच असे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपली आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पुणे परिसरातील नवजात बालकेही वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीयुक्त असल्याचे त्यांच्या अभ्यासात आढळले. सडपातळ दिसणाऱ्यानेही कंबरेचा घेर, रक्तदाब आणि साखर तपासून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

हिशेब तासांचा

तूर्त मेंदू वाचविणारी खात्रीची गोष्ट म्हणजे वेळ. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. निवडक रुग्णांत नळीद्वारे गुठळी काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत वाढली आहे. किनवट किंवा देवणीसारख्या जिल्ह्याच्या टोकाच्या तालुक्यातून नांदेड वा लातूर शहर गाठण्यातच या तासांचा मोठा भाग खर्ची पडतो. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोबडी वळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसल्यास तेल चोळत बसण्यात किंवा झाडपाल्याच्या शोधात वेळ घालवू नये. रुग्णाला तोंडावाटे काहीही न देता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. लक्षणे सुरू झाल्याची नेमकी वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी; पुढील उपचार तिच्यावरच ठरतात.